भोंगे, शिट्ट्या आणि हॉर्न: आवाज जमवणाऱ्यांसाठी

जुनी पितळी शिट्टी दिसली की हात पाकिटाकडे जातो. तो जरा आवरा. वाफेच्या शिट्ट्या, गिरण्यांचे भोंगे, इंजिनांचे आणि बोटींचे हॉर्न यांची ओढ लागलेला कुणी भेटला, की मी त्याला आधी हेच सांगतो: निदान सहा महिने काही विकत घेऊ नका. ऐका, मोजा, लिहून ठेवा. या छंदात जमवायचा असतो तो आवाज; पितळ त्याच्या मागून येतं. पंचवीस शिट्ट्या कपाटात चकचकीत मांडलेल्या आणि त्यातली एकही कशी वाजते हे मालकाला ठाऊक नाही, असे संग्रह मी पाहिले आहेत आणि पाहून हळहळलो आहे.

जगात हा छंद मनापासून जोपासणारी माणसं आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या प्रॅट इन्स्टिट्यूटचे मुख्य अभियंता कॉनरॅड मिल्स्टर हे संस्थेच्या बॉयलरची वाफ वापरून दर 31 डिसेंबरच्या मध्यरात्री जुन्या शिट्ट्या वाजवत. 1960च्या दशकात सुरू झालेला हा प्रघात 2014च्या अखेरीस थांबला. त्या शिट्ट्यांमध्ये ‘नॉर्मंडी’ या प्रख्यात फ्रेंच प्रवासी जहाजाची शिट्टीही होती. जहाज कधीच भंगारात गेलं होतं, पण त्याचा आवाज लोक थंडीत उभं राहून ऐकत. संग्राहक म्हणून मला मिल्स्टर यांचा आदर्श वाटतो तो यासाठी.

आवाज निघतो कसा

सुरुवात यंत्र समजून घेण्यापासून करा. वाफेच्या साध्या शिट्टीत आवाज काढणाऱ्या भागात हलणारं काहीच नसतं. खाली एक वाटी असते आणि वाटीच्या तोंडात जेमतेम मावणारी एक चकती. दोघींच्या कडांमध्ये नखाच्या जाडीची गोल फट राहते. वाफ त्या फटीतून पातळ पडद्यासारखी वर उसळते. थोडं अंतर सोडून मधल्या दांड्यावर एक उलटी नळकांड्यासारखी टोपी बसवलेली असते, तिला बेल म्हणतात. वाफेचा पडदा बेलच्या धारेवर येतो, क्षणात आत वळतो, क्षणात बाहेर, आणि बेलमध्ये कोंडलेला वायू त्या लयीत थरथरू लागतो. बासरीचंच तत्त्व, फुंकर मात्र बॉयलरची.

1830च्या दशकात वेल्समधल्या डाउलेसच्या लोखंड कारखान्यात एड्रियन स्टीव्हन्स यांनी अशी शिट्टी बसवली, ती बॉयलरमधलं पाणी कमी झाल्याचा इशारा म्हणून. पाणी उतरलं की बॉयलर फुटायचे आणि माणसं मरायची. आगगाडीने ती उचलली ती नंतर.

बेल वरून बंद असते. त्यामुळे तिची आतली लांबी ही ध्वनिलहरीच्या लांबीच्या साधारण पाव भागाएवढी धरायची. हिशोब सोपा: आवाजाच्या वेगाला बेलच्या लांबीच्या चौपटीने भागा. बेल 30 सेंटिमीटर असेल आणि ती 20 अंश तापमानाच्या हवेवर वाजवली, तर 343 भागिले 1.2, म्हणजे सुमारे 286 हर्ट्‌झ. बेलच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही सोबत डोलते, म्हणून प्रत्यक्ष स्वर याच्या जरा खालीच येतो. तुमच्या मोजमापात दरवेळी असा फरक दिसेल. दिसला तर घाबरू नका, नाही दिसला तर पुन्हा मोजा.

आता हीच शिट्टी वाफेवर वाजवा. शंभर अंशाच्या वाफेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 470 मीटर असतो. त्याच बेलमधून आता 390 हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर यायला हवा. आपल्या भाषेत सांगायचं तर हवेवरच्या स्वराला षड्ज धरलं, तर वाफेवरचा स्वर शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या मधे कुठेतरी पडतो. बेलमध्ये बाहेरची हवा मिसळत असल्याने फरक तितका पूर्ण भरत नाही, पण कुणाच्याही कानाला कळेल इतका नक्की असतो. म्हणून शिट्टी वाफेवर ऐकली की दाबाच्या हवेवर, हे लिहिल्याशिवाय स्वराची नोंद करू नका. जुन्या इंजिनाला कॉम्प्रेसर जोडून ते ‘वाजवून’ दाखवतात तेव्हा जो आवाज येतो, तो त्या स्टेशनाने कधी ऐकलेला नसतो.

थंड शिट्टीत वाफ सोडली की पहिल्या क्षणी काय होतं तेही लक्ष देऊन ऐका. आत आधीची गार हवा असते, वाफेचं पाणी होऊन ते थुंकल्यासारखं बाहेर पडतं, स्वर खालून सुरू होतो आणि वाफ हवेची जागा घेते तसा वर सरकत जाऊन स्थिरावतो. आगगाडीच्या शिट्टीची जी हाक म्हणून आपल्या मनात बसली आहे, तिच्यातलं आर्त या पहिल्या चढावात आहे. जुन्या अमेरिकन ड्रायव्हरांनी दोरी कमीजास्त ओढून या चढउताराची स्वतःची ढब बनवली होती. केसी जोन्स हा ड्रायव्हर 1900 साली मिसिसिपीत अपघातात मेला, पण त्याच्या इंजिनाची शिट्टी लोक गाडी दिसण्याआधी ओळखत, हीच त्याची आठवण मागे राहिली.

एकाच बेलमध्ये उभे पडदे घालून कमीजास्त खोलीचे कप्पे केले की एकदम तीन, पाच किंवा सहा स्वर निघतात. त्यांना चाइम शिट्टी म्हणतात. अमेरिकेत तिचा फार प्रसार झाला.

हॉर्नची गोष्ट वेगळी. तिथे धातूचा पातळ पडदा असतो. मागून हवेचा दाब आला की पडदा उचलतो, हवा कर्ण्यात सुटते, दाब पडतो, पडदा परत बसतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. डिझेल इंजिनं आली तेव्हा उत्तर अमेरिकेत त्यांना ट्रकसारखे एकसुरी हॉर्न लावले गेले. फाटकावरच्या लोकांना तो आवाज गाडीचा वाटेना. कॅनडाचे रॉबर्ट स्वॅन्सन यांनी मग अनेक स्वरांचे, शिट्टीची आठवण देणारे हॉर्न बांधले. त्यांच्याच घराण्यातला के-5-एल-ए हा पाच कर्ण्यांचा हॉर्न आजही तिकडच्या इंजिनांवर ऐकू येतो. त्याचे स्वर सुमारे 311, 370, 415, 494 आणि 622 हर्ट्‌झ. पेटी घेऊन बसा आणि 494 ला तार षड्ज माना. मिळतात ते ग, प, ध, सां, गं. रिषभ सोडला तर सगळे भूपातले स्वर. अमेरिकन मालगाडीचा हॉर्न आपल्या कानाला इतका गोड का लागतो, याचं उत्तर मला तिथे सापडलं. व्हँकूव्हर शहरात स्वॅन्सन यांनीच 1967 साली बसवलेले दहा हॉर्न अजून रोज दुपारी बाराला कॅनडाच्या राष्ट्रगीताचे पहिले चार स्वर वाजवतात.

तिसरी जात फिरत्या सायरनची. भोकं पाडलेलं चक्र फिरतं, हवा कापली जाते आणि स्वर उमटतो. फ्रान्सच्या कान्यार द ला तूर यांनी 1819 साली ते यंत्र मांडलं. आपल्या नगरपालिकांचा विजेवरचा भोंगा बहुधा याच जातीचा. चक्राला 12 भोकं असतील आणि मोटर मिनिटाला 2880 फेरे घेत असेल, तर 48 गुणिले 12, म्हणजे 576 हर्ट्‌झ.

तिन्ही जाती डोळे मिटूनही ओळखता येतात. शिट्टी श्वास घेतल्यासारखी थोडी खालून उठते. हॉर्न एकदम, पूर्ण आवाजात सुरू होतो. सायरन मात्र मोटरबरोबर तळापासून वर चढत जातो आणि वीज तोडल्यावर तसाच रेंगाळत उतरतो. तुमच्या गावात ‘भोंगा’ म्हणून जे वाजतं ते नेमकं कोणत्या जातीचं आहे, इथपासूनच तुमचा अभ्यास सुरू करा.

ऐकायचं कुठे, टिपायचं कसं

महाराष्ट्रातल्या हौशी माणसाचं एक भाग्य आहे. इथे वाफेचा भोंगा ऐकण्यासाठी संग्रहालयातच जावं लागतं असं नाही. साखर कारखान्यांचे बॉयलर उसाच्या चिपाडावर चालतात, आणि गळीत हंगामात पाळी बदलताना वाजणारा भोंगा कित्येक ठिकाणी आजही पंचक्रोशीचं घड्याळ आहे. बॉयलर अग्निप्रदीपन आणि मोळीपूजन झालं की साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे काही महिने तुमचे.

मुंबईकरांनी 31 डिसेंबरच्या मध्यरात्री बंदराच्या बाजूला कान लावावा. नांगरलेली जहाजं नववर्षाला एकत्र हॉर्न देतात, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उभ्या असलेल्या गाड्याही. जहाजांचा अभ्यास करताना एक नियम फार उपयोगी पडतो. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार 200 मीटर किंवा त्याहून लांब जहाजाच्या शिट्टीचा मूळ स्वर 70 ते 200 हर्ट्‌झमध्ये, 75 ते 200 मीटरच्या जहाजाचा 130 ते 350 मध्ये आणि त्याहून लहान बोटीचा 250 ते 700 मध्ये असावा लागतो. म्हणजे धुक्यात जहाज दिसलं नाही तरी खर्जावरून त्याच्या आकाराचा अंदाज येतो. मुरगावला किंवा ससून डॉकला उभं राहून हे ताडून पाहता येतं.

आवाजाचा सामाजिक उपयोग पाहायचा असेल तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला जा. तिथे 2022 मध्ये ग्रामस्थांनी संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायची पद्धत सुरू केली, मुलांनी अभ्यासाला बसावं म्हणून. गिरणीचा भोंगा माणसाला कामाला बोलवायचा. हा घरात बसवतो. माझ्या मते अशा भोंग्याची नोंद जुन्या लंडनच्या पितळी शिट्टीइतकीच मोलाची आहे, कारण तो कशासाठी वाजतो हे सांगणारी माणसं आज समोर आहेत.

चालत्या इंजिनाची वाफेची शिट्टी हवी असेल तर निलगिरी आणि दार्जिलिंग इथल्या डोंगरी गाड्या आणि हरियाणातलं रेवाडीचं वाफेच्या इंजिनांचं केंद्र ही ठिकाणं गाठावी लागतील. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची सेवा डिसेंबर 1995 मध्येच संपली. शिट्टीची बांधणी जवळून पाहायला मात्र नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय चांगलं आहे.

रेल्वेचा हॉर्न टिपायला रुळाच्या कडेला जाऊन उभं राहू नका. तो रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. फाटकाच्या अलीकडे ‘सी/फा’ अशी पिवळी पाटी असते, तिथे ड्रायव्हरने हॉर्न द्यायचा असतो. त्या पाटीचा अंदाज घेऊन रेल्वेच्या हद्दीबाहेर, शेताच्या बांधावर उभं राहिलात तरी उत्तम आवाज मिळतो. गाडी चालती असल्यामुळे स्वर जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो. ताशी 100 किलोमीटर वेगाच्या गाडीत हा उतार जवळजवळ कोमल गंधारावरून षड्जावर आल्याएवढा असतो. खरा स्वर काढायला येतानाचा आणि जातानाचा आकडा घ्या, दोघांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा.

रेकॉर्डिंगसाठी महागडं यंत्र लागत नाही, पण मोबाइलचं नेहमीचं रेकॉर्डर वापरू नका. ते मोठा आवाज आला की स्वतःहून पातळी खाली ओढतं आणि भोंग्याचा सगळा जोर सपाट होऊन जातो. पातळी हाताने ठरवता येईल असं ॲप किंवा छोटा रेकॉर्डर घ्या, वेव्ह स्वरूपात नोंदवा आणि पातळी इतकी खाली ठेवा की आजूबाजूची पाखरं जेमतेम ऐकू यावीत. भोंग्याने मायक फाटला तर ते रेकॉर्डिंग कुठल्याच उपायाने दुरुस्त होत नाही. मायकवर वाऱ्यासाठी फोमची टोपी हवीच. भोंगा संपल्यावर लगेच बटण बंद करू नका; समोरच्या टेकडीवरून, चिमणीवरून, चाळींच्या भिंतींवरून परत येणारा घुमारा त्या जागेचा असतो, तो पूर्ण विरू द्या. घरी आल्यावर ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वरांचा आलेख काढता येतो. शिट्टी एका टोकाने बंद नळीसारखी असल्याने तिच्यात मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट असे विषम पटींचे स्वर उठून दिसतील. दाब फार वाढला तर शिट्टी मूळ स्वर सोडून एकदम तिपटीवर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या पंचमावर, उडी मारते.

नोंदवहीत एका आवाजाला एक पान द्या. तारीख, वेळ, जागा, भोंग्यापासूनचं अंतर, वाऱ्याची दिशा, तापमान, वाफ की हवा, गेजवरचा दाब, किती सेकंद, किती वेळा, कुणी वाजवला. यातली शेवटची नोंद लोक विसरतात. व्हॉल्व्ह एका दमात उघडणारा बॉयलर अटेंडंट आणि हळूहळू उघडणारा, यांच्या हातून एकच भोंगा दोन तऱ्हेने वाजतो.

जे आता ऐकू येत नाही

गिरणगावातले भोंगे गेले. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर एकेक गिरणी मिटत गेली. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीत आहे. ते भोंगे कानात असलेली माणसं आपल्यात आहेत तोवर त्यांच्याकडे जायला हवं, आणि माझ्या लेखी या छंदातलं सगळ्यांत तातडीचं काम हेच आहे. मुंबईबरोबर सोलापूर, अमळनेर, नागपूर इथल्या गिरण्यांच्या कामगारांकडेही जा.

विचारताना प्रश्न बारीक ठेवा. ‘भोंगा आठवतो का?’ याला ‘हो, आठवतो ना’ एवढंच उत्तर मिळतं. पाळीच्या आधी किती भोंगे व्हायचे, त्यात किती अंतर असायचं, पहिल्या भोंग्याला तुम्ही घरात कुठे असायचा, दुसऱ्याला गेटच्या आत की बाहेर, शेजारच्या गिरणीचा आधी व्हायचा की नंतर, कोणाचा जाड आणि कोणाचा बारीक, असं विचारा. मग म्हणा, ‘काका, तोंडाने काढून दाखवा बरं.’ काढून दाखवतात, आणि विलक्षण काढतात. ते रेकॉर्ड करा. त्यातला स्वर अचूक असेल असं धरू नका, माणसाची तेवढी आठवण टिकत नाही. पण दोन गिरण्यांमधला जाड-बारीकपणा, आवाजाची लांबी, शेवटी तो तुटायचा की घसरायचा, हे फार भरवशाचं असतं. दोन-तीन जणांना वेगवेगळं विचारून ताडा. सगळ्यांना एकत्र बसवलंत तर मोठ्या आवाजात बोलणाऱ्याची आठवण सगळ्यांची होते.

घरातल्या बायकांना वगळू नका. खानावळी चालवणाऱ्या बायकांचा सगळा स्वयंपाक भोंग्यावर बेतलेला असायचा. कुठल्या भोंग्याला चूल पेटायची, कुठल्या भोंग्याला डबे भरून निघायचे, हे त्या मिनिटाच्या हिशोबाने सांगतात. ज्याने भोंगा वाजवला त्या बॉयलर खात्यातल्या माणसाचा शोध लागला तर सगळं बाजूला ठेवून आधी त्याच्याकडे जा.

विकत घ्यायची वेळ

मुंबईचा चोर बाजार, दारूखान्यातली जहाजांच्या सामानाची दुकानं, पुण्याचा रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार, गुजरातेत अलंगच्या रस्त्यावरची भंगाराची गोदामं, इथे शिट्ट्या आणि हॉर्न मिळतात. नव्या, शोभेच्या शिट्ट्याही मिळतात, जुन्या म्हणून. मुरादाबादसारख्या ठिकाणी पितळेचं सुंदर नवं काम होतं. ते नवं म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, पण जुन्याची किंमत देऊ नका.

पारख अशी करा. खिशात छोटा टॉर्च ठेवा. वाटीच्या खालच्या तोंडातून आत प्रकाश सोडा आणि वरून पाहा. खऱ्या शिट्टीत चकतीभोवती उजेडाचं सारख्या रुंदीचं बारीक कडं दिसतं. शोभेच्या वस्तूत ते एकीकडे जाड, एकीकडे बंद असतं, किंवा फटच नसते. बेलची खालची कड बोटाने चाचपा, ती उतरती तासलेली हवी. आत पाण्याच्या क्षाराचा पांढरट थर, व्हॉल्व्हच्या दांड्यावर झीज, आट्यांवर पान्याच्या जुन्या खुणा, या गोष्टी नव्या वस्तूत सहसा कुणी करत बसत नाही. बेल दोरीने टांगून लाकडी दांडक्याने हलका टोला द्या. तडा असेल तर आवाज बद्द येतो. लंडनच्या ड्यूरन्ससारख्या जुन्या नावाजलेल्या कंपनीचं नाव ओतीव अक्षरांत दिसलं तर अक्षरांच्या कडा पाहा. मूळ वस्तूवरून साचा काढून पुन्हा ओतलेल्या नकलेत त्या बोथट होतात.

आट्यांचं एक दुखणं आधी माहीत असलेलं बरं. आपल्याकडचे पाइप ब्रिटिश आट्यांचे, अमेरिकन शिट्टीचे आटे वेगळ्या कोनाचे: ब्रिटिश 55 अंश, अमेरिकन 60. अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हीकडे इंचाला 14 आटे असतात, त्यामुळे जोड बसल्यासारखा वाटतो, दोन-तीन फेरे जातोही, आणि दाब दिला की गळतो. जोर लावून पिळू नका, जुने आटे मरतात. लेथवाल्याकडून मधला जोडतुकडा करून घ्या.

कागदपत्रांबाबत हयगय नको. रेल्वेच्या चोरीच्या किंवा संशयास्पद मालाचा ताबा ठेवणं हा 1966 च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि इंजिनाची शिट्टी म्हटली की हा प्रश्न येणारच. रेल्वे भंगाराचा लिलाव करते. माल त्या लिलावातून आला असेल तर विकणाऱ्याकडून कागदाची प्रत घ्या. ‘कागद नाही, पण माल खात्रीचा आहे’ असं उत्तर मिळालं तर नमस्कार करून निघा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशातल्या मित्राला पाठवायची असेल तर पुरातन वस्तूंच्या 1972 च्या कायद्याची चौकशी केल्याशिवाय पाठवू नका.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर काही लावू नका. मऊ कापड, कोमट पाणी, आतला क्षार काढायला लाकडी काडी, आणि लगेच कोरडं करणं पुरे. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या शिट्टीवरची अक्षरं आणि बेलची धार दोन्ही जातात, आणि धार गेली की आवाज गेला.

वाजवायची असेल तर

घरी वाफ करू नका. कुकर, जुना गीझर, पिंप यांना शिट्टी जोडायची कल्पना मनात आली तर तिथेच सोडा. वाफेचा जोड सुटला की भाजणं आणि फुटणं दोन्ही एकदम होतं. बॉयलरला कायदा आहे, तपासणी आहे, महाराष्ट्रात त्यासाठी बाष्पके संचालनालय आहे, आणि ते सगळं माणसं मेल्यामुळे आलेलं आहे. वाफेवर वाजवायची तर परवानाधारक बॉयलर असलेल्या कारखान्यात, तिथल्या माणसांच्या हातून.

दाबाच्या हवेवर मात्र शहाणपणाने वाजवता येते. गॅरेजमधला कॉम्प्रेसर चालतो, पण शिट्टी हवा इतकी पिते की छोटी टाकी काही सेकंदांत रिकामी होते, हे गृहीत धरा. सुरुवात 1 ते 2 किलो दाबाने. पाइप लोखंडी किंवा दाबाच्या हवेसाठीच बनवलेला. प्लंबिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप कधीही नाही: पाण्याच्या दाबात तो चिरतो, हवेच्या दाबात त्याच्या ठिकऱ्या उडतात. शिट्टी शिकंज्यात घट्ट पकडा, बेलवरचा चेकनट दरवेळी तपासा, बेलच्या वर डोकं आणू नका, व्हॉल्व्ह हळू उघडा.

कानांचं गांभीर्य या छंदातल्या लोकांना उशिरा कळतं. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असं मानलं, तर दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला पाव तास उरतो. अमेरिकेत इंजिनाच्या हॉर्नला 100 फुटांवर 96 ते 110 डेसिबलची मर्यादा आहे. तोच हॉर्न तुम्ही हाताच्या अंतरावर वाजवणार आहात. कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही घाला. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सुमारे 6 डेसिबल घटतात. म्हणजे 30 मीटरवर 110 असलेला आवाज 240 मीटरवरही 92 भरतो, आणि तिथे कुणाचं तरी तान्हं बाळ झोपलेलं असतं. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र. त्यामुळे गावाबाहेर, दिवसा, पोलीस पाटलाला आणि आसपासच्या शेतकऱ्यांना सांगून. संग्रहातला हॉर्न मोटारीला लावायचा मोह तर पूर्ण टाळा. अनेक स्वरांचे आणि कर्कश हॉर्न वाहनावर चालत नाहीत, मोटार वाहन नियमांतला 119 वा नियम त्यासाठीच आहे.

येत्या हंगामात कारखान्याच्या भोंग्याचं रेकॉर्डिंग करायचं मनात असेल तर अर्ज सप्टेंबरातच द्या. हंगाम सुरू झाल्यावर बॉयलर खात्यात कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. अर्ज कार्यकारी संचालकांच्या नावे, प्रत मुख्य अभियंत्यांना. तुम्ही किती जण येणार, कुठे उभे राहणार, बॉयलरच्या कुठल्याही भागाला हात लावणार नाही, वेगळा भोंगा वाजवायला सांगणार नाही, पाळीचा होईल तोच टिपाल, आणि रेकॉर्डिंगची एक प्रत कारखान्याला द्याल, एवढं साध्या मराठीत लिहा. हेल्मेट आणि बंद बूट स्वतःचे न्या. कबूल केलेली प्रत पंधरा दिवसांत, बॉयलर अटेंडंटच्या नावासह, नेऊन द्या. पुढच्या वर्षी परवानगी मागायला गेलात की गेटवर कुणी अडवत नाही.